आपली जागा ओळखणारे द्रव्य



विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टन घालतात ते वीज अडविण्यासाठी. प्लॅस्टिक ज्या कुळातले, त्या बहुवारिकांपैकी, म्हणजेच पॉलिमरांपैकी, पॉलिॲसिटिलीन हे द्रव्य आयोडीनच्या योगाने वीजवाहक होते, हे शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी १९७७ साली दाखवून दिले. २००० सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाने या तिघांचा गौरव झाला.

तथापि वाहक द्रव्य हाती आले म्हणजे उपकरण सिद्ध झाले असे नव्हे. केसाहूनही बारीक जागी ते नेमके बसवावे कसे, हा खरा प्रश्न होय. द्रव्य आपण होऊन योग्य जागी बसेल अशी भूमीच आधी तयार करावी, हे त्याचे एक उत्तर. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, हे सर्वणच्या परसात कोणीही पाहिलेले असते. याच तत्त्वावर २००० साली केंब्रिजच्या संशोधकांनी पाणी न धरणारी, ५ मायक्रोमीटर रुंदीची रेघ आखली. वाहक बहुवारिकाची शाई तिच्या दोन्ही बाजूंना सरली आणि ट्रान्झिस्टरला हवी असलेली फट आपोआप मोकळी राहिली.

मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मध्ये हेच काम त्यापूर्वी विजेकडून करून घेण्यात आले होते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील संशोधनात सूक्ष्म विद्युत्‌अग्रे शेजारीशेजारी मांडली होती. ज्या अग्राला वीज द्यावी त्याच्यावरच पॉलिॲनिलीनचा थर चढे आणि द्रावणातील एन्झाइम त्या थरातच अडकून राही. अशा रीतीने एका जागी ग्लुकोज, दुसऱ्या जागी युरिया आणि तिसऱ्या जागी स्निग्ध पदार्थ ओळखणारे एन्झाइम स्थापिले गेले. एन्झाइमच्या क्रियेने भोवतालची रासायनिक स्थिती पालटली की पॉलिॲनिलीनची वाहकताही पालटते. तोच बदल मोजावयाचा. काही मायक्रोलिटर मिश्रणात तिन्ही पदार्थांची पारख एकाच मापनात झाली.

रक्तातील साखर आज घरच्या घरी तपासता येते. परंतु मूत्रपिंडाच्या वा मेदाच्या तपासणीसाठी खेड्यातील रुग्णाला बहुधा प्रयोगशाळेचीच वाट धरावी लागते. एन्झाइम कालांतराने निस्तेज होतात, रक्तातील इतर घटक मापनात व्यत्यय आणतात. हे अडसर लहान नाहीत. ते दूर करून रुग्णाची ती वाट थोडी आखूड करणे, हेच या सूक्ष्म नक्षीचे प्रयोजन होय.