पिवळें बाळ आणि त्याचा मेंदू



नवजात बालकाची कावीळ बहुधा निरुपद्रवी असते. पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांपैकीं सुमारें साठांस पहिल्या आठवड्यांत पिवळी छटा येते आणि बहुतेकांची आपोआप जाते. आज मी बोलणार आहें तें क्वचित् आढळणाऱ्या, आईबापांकडून वारशानें येणाऱ्या काविळीविषयीं. तींत खरा धोका यकृतास नसून मेंदूस असतो.

रक्तांतील तांबड्या पेशी जुन्या होऊन मोडतात, तेव्हां बिलिरुबिन नांवाचें पिवळें द्रव्य निघतें. यकृतांतील एक विकर तें पाण्यांत विरघळेल असें करतें, व मग तें पित्तावाटें बाहेर जातें. हें विकर जन्मतःच नसलें तर द्रव्य सांचत राहतें. १९५२ सालीं अमेरिकेंत क्रिग्लर व नज्जार या डॉक्टरांनीं अशा बालकांचें वर्णन केलें. रोगासही त्यांचेंच नांव पडलें. सुमारें दहा लाख जन्मांत एखादें मूल, इतका तो विरळा आहे.

सांचलेलें द्रव्य मेंदूंतील हालचालींचें नियमन करणाऱ्या खोल भागांत व श्रवणमार्गांत शिरतें. बाळ मलूल होतें, दूध ओढीत नाहीं. पुढें कर्कश रडतें, पाठ धनुष्यासारखी ताणतें. तत्काळ उपचार न झाल्यास अवयवांच्या अनावर हालचाली व बहिरेपणा जन्मभर राहतात. पण शिक्षक या नात्यानें सांगतों, अशा मुलाची बुद्धि पुष्कळदां शाबूत असते. बोलतां येत नाहीं, हात स्थिर राहत नाहीं, म्हणून त्यास वेडें ठरवून घरीं बसविणें हा दुसरा आघात होय. आणि तो रोग करीत नाहीं, आपण करतों.

उपाय आहे. उन्हांत नेलेल्या बाळांचा पिवळेपणा उतरतो, हें इंग्लंडांतील एका परिचारिकेनें हेरलें. १९५८ सालीं तेथील डॉक्टरांनीं दिव्यांचा उपचार प्रसिद्ध केला. क्रिग्लर-नज्जारच्या तीव्र प्रकारांत मुलास रोज दहा-बारा तास निळ्या प्रकाशाखालीं ठेवावें लागतें. वाढत्या वयाबरोबर प्रकाश अपुरा पडतो, म्हणून यकृतरोपण करतात. सौम्य प्रकारांत फेनोबार्बिटोन या औषधानें गुण येतो. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकोपचाराच्या प्रयोगांत कांहीं रुग्णांचा दिवा बंदही करतां आला.

दोष आई व बाप दोघांकडून आला तरच रोग होतो. तशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास चारांत एक इतका संभव असतो. मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची आपल्याकडील चाल हा संभव वाढविते. आमच्या खर्ड्यास १७९५ च्या लढाईच्या गोष्टी अभिमानानें सांगतात, घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ म्हणतात. पिवळीं पडून गेलेलीं तान्हीं मुलें मात्र त्यांत कोणी मोजीत नाहीं. ती आठवण डॉक्टरांस अवश्य सांगावी.

याहून पुष्कळ अधिक आढळणारा दुसरा वारसा जी-सिक्स-पी-डी या विकराच्या न्यूनतेचा. अशा बाळाच्या कपड्यांतील डांबरगोळ्यांच्या वासानेंही तांबड्या पेशी फुटून कावीळ भडकूं शकते.

तेव्हां पहिल्याच दिवशीं दिसलेली, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली किंवा दोन आठवडे न हटणारी कावीळ दिसतांच रक्त तपासून घ्यावें. गळ्यांत माळ घालण्यांत, कावीळ उतरवून घेण्यांत किंवा डाग देण्यांत जे तास जातात, ते त्या बाळाच्या मेंदूचे असतात.