जनुकांचा स्कोअर आणि समोरचा माणूस



 

मुलाला स्किझोफ्रेनिया आहे हे कळल्यावर पहिल्या भेटीत आईवडील औषधांबद्दल विचारतात. पुढच्या एखाद्या भेटीत मुलाला बाहेर बसवून आई हळूच विचारते, "डॉक्टर, धाकटी दहावीला आहे. हे तिच्यात उतरेल का? तिच्या डोक्यावर परिणाम होईल का?"

या प्रश्नाला आज आपण पूर्वीपेक्षा नेमकं उत्तर देऊ शकतो. आजाराच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण तो हजारो बारीकसारीक जनुकीय फरकांत विखुरलेला आहे. त्यांची बेरीज करून स्कोअर काढण्याची पद्धत 2009 मध्ये पुढे आली. 2022 च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात 76 हजारांहून अधिक रुग्णांच्या नमुन्यांतून जनुकसंचातल्या अशा फरकांच्या 287 जागा सापडल्या.

आईचा दुसरा प्रश्न डोक्यावरच्या परिणामाचा होता. बुद्धीशी या स्कोअरचं नातं काय? मला एडिनबरा परिसरातला अभ्यास फार मोलाचा वाटतो. 1936 साली जन्मलेल्या मुलांची 1947 मध्ये स्कॉटलंडभर शाळेत बुद्धिचाचणी झाली होती. त्यांतल्याच अनेकांना सत्तरीच्या सुमारास पुन्हा तपासलं गेलं. हे कुणी आपल्या वॉर्डातले रुग्ण नव्हते, साधे निवृत्त नागरिक होते. 2013 मध्ये निष्कर्ष आला: अकराव्या वर्षीच्या गुणांशी स्किझोफ्रेनियाच्या स्कोअरचा संबंध दिसला नाही, मात्र ज्यांचा स्कोअर जास्त, त्यांची बुद्धी सत्तरीपर्यंत तुलनेने थोडी अधिक उतरली होती. हा फरक गटाच्या सरासरीतला आहे. त्यावरून एकट्या माणसाचं भाकीत करता येत नाही.

म्हणून त्या आईला मी सांगतो: सख्ख्या भावंडाला धोका दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दहांतल्या नऊ जणांना हा आजार होत नाही. मुलीला अभ्यास करू द्या. रक्त तपासून स्कोअर काढण्याच्या भानगडीत पडू नका. तो मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेला आहे, आपल्याकडे त्याची अचूकता आणखी घटते. आणि स्थळं बघताना तर तो कुणी मागू नये, कुणी देऊ नये.

खरी काळजी बाहेर बसलेल्या मुलाची आहे. त्याला चिन्हं आणि अंक जुळवायचा कागद द्या, दीड मिनिट द्या. पदवीधर मुलगा, पण पेन्सिल प्रत्येक चिन्हाशी थबकते, नजर पुन्हा पुन्हा वरच्या ओळीतल्या नमुना जोड्यांकडे जाते. औषधांनी त्याचे भास शमलेले असतात. हा मंदावलेला वेग मात्र औषधांनी फारसा सुधारत नाही. 'देवराई'सारख्या चित्रपटाने 2004 मध्ये आजाराची वेदना घराघरांत पोचवली, पण हे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही. घरचे त्याला आळस म्हणतात आणि मालक कामावरून काढून टाकतो. लक्ष, स्मृती आणि वेग यांचं पद्धतशीर प्रशिक्षण प्रत्यक्ष कामाच्या जोडीने दिलं तर फरक पडतो, हे आता सिद्ध झालं आहे. तरी आपल्या बहुतेक केसपेपरांवर या क्षमतांची एक ओळही नसते.

माझी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे. प्रत्येक शुभार्थीची, म्हणजे रुग्णाची, आकलनक्षमता आजार आटोक्यात येताच मोजा, दरवर्षी पुन्हा मोजा, केसपेपरवर लिहा आणि निकाल त्याच्यासमोर बसून घरच्यांना समजावून सांगा.