चुनाळ्यांतील दगड

जुन्या वळणाच्या घरांत पानाचें तबक पुढें आलें म्हणजे त्यांत सुपारी, कात, लवंग यांच्या शेजारीं एक लहानसें चुनाळें असावयाचेंच. त्यांतील बोटाच्या टोकावर मावणाऱ्या पांढऱ्या चुन्याकडे कोणी निरखून पाहत नाहीं. परंतु पृथ्वीच्या पाठीवर, समुद्रांत आणि भोंवतालच्या हवेंत अखंड चाललेला एक मोठा व्यवहार समजून घ्यावयाचा असेल, तर शाळेंतील विद्यार्थ्याला या चुन्याइतका सोपा शिक्षक दुसरा मिळणें कठीण.

चुना हा मूळचा दगड. जेथें चुनखडीच्या खाणी आहेत तेथें ती चुनखडी, कोंकणांत व गोमंतकांत समुद्रकांठचे शिंपले, आणि देशावर काळ्या जमिनींत सांपडणारे चुनखडीचे खडे भट्टींत भाजून चुना करण्याची रीत पुरातन आहे. दिसावयास या तिन्ही वस्तु निराळ्या. रसायनशास्त्राच्या दृष्टीनें मात्र तिहींचा मुख्य घटक एकच. कॅल्शियम ही धातु, कर्ब आणि प्राणवायु या तीन मूलद्रव्यांच्या संयोगानें तो झालेला आहे.

भट्टीची आंच सुमारें ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढली कीं हा संयोग फुटतो. शुद्ध चुनखडी १०० किलो घातली तर कळीचा चुना निघतो अवघा ५६ किलो. मग उरलेले ४४ किलो गेले कोठें? चुनखडी सांडली नाहीं, कोणी चोरलीहि नाहीं. हा प्रश्न स्कॉटलंडांतील जोसेफ ब्लॅक या संशोधकानें तराजू हातीं घेऊन सोडविला. भाजलेल्या पदार्थाचें वजन घटतें, कारण त्यांत बंदिस्त असलेला एक वायु निसटून जातो, असें त्यानें १७५६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखवून दिलें. त्या वायूला त्यानें ‘बद्ध हवा’ या अर्थाचें नांव दिलें. जुन्या मराठी पुस्तकांतील कर्बाम्ल वायु तो हाच. आतां सर्वत्र त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतात. दगडाच्या पोटांत हवा कोंडलेली असते, ही कल्पना त्या काळीं केवढी नवी वाटली असेल!

आतां हिशेब पुढें चालवावा. कळीच्या चुन्यावर पाणी शिंपडलें कीं तो फुगतो, तापतो, वाफा सोडतो, आणि फुटून त्याचें मऊ पीठ होतें. (हा खेळ मुलांनीं एकट्यानें करूं नये, कळीचा चुना हात भाजतो आणि डोळ्यांस फार अपाय करतो.) ५६ किलो चुना या वेळीं १८ किलो पाणी आपल्यांत सामावून घेतो आणि ७४ किलो विरी गेलेला चुना तयार होतो. हाच चुना पूर्वीं वाळूबरोबर घाणींत मळून वाडे, देवळें आणि किल्ले यांच्या बांधकामांत वापरीत. चुना वाळला म्हणजे घट्ट होतो, अशी सामान्य समजूत आहे. ती अर्धीच खरी. भिंतींतील चुना वर्षानुवर्षें हवेंतून कर्बाम्ल वायु ओढून घेत असतो. ७४ किलो चुना ४४ किलो वायु घेतो आणि १८ किलो पाणी सोडून देतो. बाकी राहतात बरोबर १०० किलो. हिशेब पैनपै जुळला. भट्टींतून निसटलें तेवढें परत आलें, आणि चुना पुन्हां दगड झाला. पदार्थ रूप पालटतो, पण त्याचें वजन नाहींसें होत नाहीं, हा रसायनशास्त्राचा पहिला पाठ जुन्या वाड्याच्या भिंतींतच लिहिलेला आहे.

याच व्यवहाराचा दुसरा भाग घरीं वडील माणसांच्या देखरेखीखालीं पाहतां येतो. पानाचा चिमूटभर चुना पेलाभर पाण्यांत ढवळून रात्रभर ठेवावा, आणि वरची स्वच्छ निवळी हलक्या हातानें दुसऱ्या पेल्यांत काढून घ्यावी. तींत नळीनें सावकाश फुंकर घालावी; निवळी तोंडांत मात्र ओढूं नये. थोड्याच वेळांत ती दुधाळ होते. श्वासांतील कर्बाम्ल वायु आणि चुना यांच्या मिलाफानें चुनखडीचे सूक्ष्म कण जन्मास आलेले असतात. परंतु फुंकर तशीच पुष्कळ वेळ चालू ठेवली तर दुधाळपणा हळूहळू विरतो. वायु अधिक झाला, पाणी किंचित् आम्ल बनलें, आणि त्यानें चुनखडी विरघळविली. तें पाणी उकळलें तर वायु निघून जातो आणि पांढरा गाळ पुन्हां प्रकट होतो. जड पाण्याच्या गांवीं किटलीच्या तळाशीं जें पांढरें किटण धरतें, तें याच जातीचें.

पेल्यांत जें घडलें तेंच निसर्गांत अफाट प्रमाणावर घडत असतें. पावसाचें पाणी वाटेंत कर्बाम्ल वायु घेतें, मातींतून झिरपतांना आणखी घेतें, आणि चुनखडीचे डोंगर आंतून पोखरीत जातें. आंध्र प्रदेशांतील बोरा आणि बेलम येथील गुहा अशाच झाल्या. त्यांच्या छतांवरून लोंबणारे पाषाणस्तंभ म्हणजे थेंबाथेंबानें परत आलेली चुनखडी. दख्खनचा काळा दगड सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा. त्यांतहि कॅल्शियम आहे. पाऊस तोहि झिजवितो, आणि गोदा-कृष्णा तें धन समुद्रास नेऊन पोंचवितात. तेथें शंख, शिंपले, पोंवळीं आणि डोळ्यांस न दिसणारे असंख्य जीव त्यापासून आपलीं कवचें घडवितात. तीं कवचें तळाशीं थरावर थर सांचून चुनखडी होते. कांहीं चुनखडी भूगर्भांत ओढली जाऊन तापते, आणि ज्वालामुखीच्या मुखावाटे तिचा वायु पुन्हां हवेंत येतो.

या कोंडलेल्या वायूचें महत्त्व शुक्राकडे पाहिलें म्हणजे पटतें. शुक्र आकारानें पृथ्वीचा जवळजवळ जुळा भाऊ. पण त्याच्या वातावरणांत शेंकडा ९६ हून अधिक कर्बाम्ल वायु असून तेथील भूपृष्ठाचें तपमान सुमारें ४६० अंश आहे. पृथ्वीजवळहि या वायूचा सांठा पुष्कळ मोठा आहे. परंतु त्याचा बहुतेक भाग चुनखडीच्या कुलुपांत पडून आहे, म्हणून येथें नद्या वाहतात आणि भात पिकतो.

तें कुलूप आतां किलकिलें होऊं लागलें आहे. सिमेंट करण्यासहि चुनखडीच भाजावी लागते. मनुष्याच्या उद्योगांतून हवेंत जाणाऱ्या कर्बाम्ल वायूचा शेंकडा सात ते आठ हिस्सा एकट्या सिमेंटचा आहे, आणि त्यांतील अर्ध्याहून अधिक खुद्द चुनखडींतून सुटतो. कोळसा आणि तेल यांचा हिस्सा त्याच्या कित्येक पट मोठा. ब्लॅकच्या काळीं हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. २०२४ सालीं ते ४२० च्या वर गेले. यांतील सुमारें चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. परिणामीं समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामू ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरला आहे. फरक क्षुल्लक दिसतो, परंतु या मापाची रीतच अशी कीं, एवढ्या उतारानें पाण्यांतील आम्लकारक कण सुमारें पाव पटीनें वाढतात. फुंकर लांबली म्हणजे पेल्यांतील दुधाळपणा विरतो, हें ज्या विद्यार्थ्यानें पाहिलें, त्याला पोंवळ्यांचें आणि शिंपल्यांचें संकट निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं.

पाऊस, दगड आणि समुद्र मिळून हा जादा वायु अखेरीस पुन्हां कुलुपांत घालतील, यांत शंका नाहीं. पण त्यांच्या कामाची गति लक्षावधि वर्षांची, आणि भट्टीची गति दिवसांची. चुनाळ्यांतला चुना मात्र आपल्या परीनें हिशेब पुरा करीत असतो: झांकण उघडें राहिलें तर त्यावर पांढरी कठीण साय धरते. ती साय म्हणजे हवेंतून परत घेतलेला दगडच होय.