अपंगत्व : शरीराचे की समाजाचे?

ग्रामपंचायतीच्या कार्यालयास पाच पायऱ्या आहेत आणि चाकांच्या खुर्चीवरील ग्रामस्थ ग्रामसभेस येऊ शकत नाही. येथे उणीव कोठे आहे? त्याच्या पायांत की त्या पायऱ्यांत? 'अपंगत्व अभ्यास' ही ज्ञानशाखा याच प्रश्नातून उभी राहिली.

हा प्रश्न मांडला तो दिव्यांगांनीच. ब्रिटनमध्ये पॉल हंट या दिव्यांग लेखकाने १९७२ साली वृत्तपत्रात पत्र लिहून संघटित होण्याचे आवाहन केले. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेने १९७६ मध्ये एक मूलभूत भेद स्पष्ट केला : शरीरातील उणीव ही एक गोष्ट, समाजाने उभे केलेले अडसर ही दुसरी. अपंगत्व येते ते अडसरांमुळे. १९८३ साली माइक ऑलिव्हर यांनी या विचारास 'सामाजिक प्रतिमान' असे नाव दिले. उपचारांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. वेदना खरीच असते. मात्र माणसाची सारी ओळख रुग्णाइतकीच मर्यादित राहत नाही.

हा विचार आता भारतीय कायद्यातही आला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या व्याख्येत दीर्घकालीन उणिवेबरोबरच सहभागाच्या आड येणाऱ्या अडथळ्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे.

या ओळखीस राजकीय बाजूही आहे. १९९१ च्या जनगणनेत दिव्यांगांची मोजणीच झाली नव्हती. संघटनांनी आग्रह धरल्यानंतर २००१ मध्ये ती झाली. २०११ मध्ये ही संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख भरली. ज्यांची मोजदाद नाही, त्यांच्यासाठी तरतूद तरी कशी होणार?

सांस्कृतिक बाजू तर आपल्या जिभेवरच आहे. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' ही म्हण वर्गात सहज उच्चारली जाते. ती ऐकणाऱ्या अंध विद्यार्थ्याच्या मनाचा विचार क्वचितच होतो. कर्णबधिरांच्या खुणांची भाषा ही स्वतंत्र व्याकरण असलेली भाषा आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते.

म्हणून अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी अभ्यासाचा आरंभ आपल्याच इमारतीपासून आणि आपल्याच बोलण्यापासून करावा. उताराचा रस्ता आराखड्यात दाखविण्यापूर्वी तो वापरणाऱ्यास विचारावे. दिव्यांग ग्रामस्थ केवळ लाभार्थी नाही. या विषयातील पहिला जाणकार तोच आहे. त्याला ग्रामसभेत स्थान हवे आहे, कीव नव्हे.