न दिलेल्या धावांचा हिशेब



बेसबॉल म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो बॅट फिरवणारा फलंदाज आणि थेट प्रेक्षकांत जाऊन पडणारा चेंडू. नियमांत मी शिरत नाही. क्रिकेटवर वाढलेल्या या सभागृहाला नऊ खेळाडू, नऊ डाव आणि प्रत्येक डावात तीन बाद एवढं सांगितलं की पुरे. मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. बेसबॉलचा संघ उभा राहतो तो क्षेत्ररक्षणावर, आणि हे इतकी वर्षं झाकलेलं राहिलं याचं कारण क्षेत्ररक्षकाचा हिशेबच चुकीच्या पद्धतीने मांडला गेला. साधं गणित बघा. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, स्वतःच्या बळावर फलंदाजाला बाद करतो ते तीन स्ट्राइक घेऊन. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये आज असे बळी एका संघाला सामन्यात सरासरी साडेआठच्या आसपास मिळतात, आणि जुन्या काळाच्या मानाने हा आकडा फारच मोठा आहे. बाद मात्र सत्तावीस करायचे असतात. उरलेले अठरा-एकोणीस बळी कोणाच्या हातांतून येतात, याचं उत्तर मैदानावर सगळ्यांना दिसतं. धावफलकावर ते सापडत नाही.

धावफलकावर क्षेत्ररक्षकासाठी एक रकाना असतो, ‘एरर’चा. साधारण प्रयत्नाने जमायला हवं होतं ते जमलं नाही, असं अधिकृत स्कोअररला वाटलं तर तिथे नोंद होते. म्हणजे चेंडूपर्यंत धावत पोहोचून ज्याच्या हातून तो निसटला तो दोषी, आणि जो जागचा हललाच नाही तो निर्दोष! मेजर लीगमध्ये शंभरातल्या अठ्ठ्याण्णवाहून जास्त संधी चुकीविना पार पडतात. त्यामुळे या रकान्यावरून बघितलं तर सगळेच क्षेत्ररक्षक सारखे दिसतात. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी १९७० च्या दशकात हा दोष ओळखून प्रश्न उलटा विचारला. खेळाडूने किती चुका केल्या यापेक्षा त्याने सामन्यागणिक किती बळींना हात लावला, ते मोजा. २०१५ पासून मेजर लीगच्या सर्व मैदानांवर चेंडूचा आणि खेळाडूंचा माग ठेवणारी स्टॅटकास्ट यंत्रणा आली आणि क्षेत्ररक्षक किती अंतर कापून चेंडूपर्यंत गेला, हेही मोजता येऊ लागलं.

हा रकाना किती अपुरा आहे ते बघायचं तर ३० ऑक्टोबर २०२४ च्या रात्रीकडे जाऊ. मेजर लीगची अंतिम मालिका असलेल्या वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. यांकीज ५-० ने पुढे आहेत. त्यांचा पिचर गेरिट कोल याने चार डावांत लॉस एंजेलिस डॉजर्सना एकही हिट दिलेली नाही. पाचव्या डावात पहिली हिट पडते. मग मधल्या मैदानात एक सोपा झेल उडतो आणि ॲरन जज तो सोडतो. हा तोच जज, ज्याने त्या मोसमात ५८ होमरन मारले आणि आदल्याच डावात भिंतीला धडकून अवघड झेल घेतला होता. पुढचा चेंडू दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या शॉर्टस्टॉप अँथनी व्होल्पीकडे जातो. तो तिसऱ्या बेसकडे फेकतो, फेक जमिनीवर आदळते, आणि तिन्ही बेस भरतात. तरीही कोल पुढच्या दोघांना, त्यात एक शोहेई ओहतानी, तीन-तीन स्ट्राइकवर घरी पाठवतो. आता एकच बळी हवा. मूकी बेट्सचा संथ फटका पहिल्या बेसच्या अँथनी रिझोकडे येतो. अशा वेळी पिचरने धावत जाऊन पहिला बेस सांभाळायचा, हे शाळकरी संघांतही शिकवलं जातं. कोल बेसपर्यंत धावला नाही. बेट्स पोहोचला, एक धाव आली, पाठोपाठ दोन फटक्यांत आणखी चार, आणि ५-५. त्या डावात नोंदीला किती चुका लागल्या असतील? मागून कोणी तरी ‘तीन’ म्हणालं. नाही, दोनच. सगळ्यांत महाग पडलेली तिसरी चूक पुस्तकात बेट्सची हिट म्हणून लागली आहे. डॉजर्सनी सामना ७-६ ने आणि मालिका ४-१ ने जिंकली.

यावर लगेच कोणी म्हणेल की एका रात्रीवरून सिद्धांत मांडू नये. आक्षेप रास्त आहे, म्हणून अख्खा मोसम घेऊ. टॅम्पा बे हा संघ २००७ मध्ये ९६ सामने हरला. २००८ मध्ये तोच संघ ९७ सामने जिंकून अमेरिकन लीगचा विजेता झाला. फलंदाजी सुधारली असेल, असा आपला पहिला तर्क. प्रत्यक्षात त्यांच्या धावा ७८२ वरून ७७४ वर आल्या, म्हणजे थोड्या कमीच झाल्या. दिलेल्या धावा मात्र ९४४ वरून ६७१ वर उतरल्या! मैदानात मारलेले चेंडू बळीत रूपांतरित करण्यात जो संघ आदल्या वर्षी तळाला होता, तोच आता सर्वांत वर होता. केलं काय त्यांनी? डेल्मन यंग हा तरुण फलंदाज देऊन मिनेसोटाकडून शॉर्टस्टॉप जेसन बार्टलेट आणला, अकिनोरी इवामुराला तिसऱ्या बेसवरून दुसऱ्यावर नेलं आणि तिसऱ्यावर नवखा इव्हान लाँगोरिया उभा केला. बार्टलेटने वर्षभरात एकच होमरन मारला, तरी स्थानिक बेसबॉल पत्रकारांनी संघाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं. (टाळ्या)

‘पण त्याच सौद्यात मॅट गार्झा हा पिचरही आला होता, राखीव पिचरही बदलले होते.’ खरं आहे, आणि त्यांचा वाटा मी नाकारत नाही. पण २००१ मध्ये आकडेवारीचे अभ्यासक व्होरोस मॅक्रॅकन यांनी जे दाखवलं त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. बॅटला लागून मैदानात राहिलेल्या चेंडूचं पुढे काय होणार, यावर पिचरचा ताबा आपण समजतो त्याहून खूपच कमी असतो. म्हणून चांगल्या क्षेत्ररक्षणाचं श्रेय बहुतेक वेळा पिचरच्या खात्यात जमा होतं. क्रिकेटमुळे आपल्याला हे नवं नाही. एकनाथ सोलकरने २७ कसोटींत ५३ झेल घेतले. त्यांतले कितीतरी बळी स्कोअरबुकात बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन या गोलंदाजांच्या नावावर आहेत.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून १९८२ च्या सेंट लुइस संघाबद्दल एवढंच सांगतो: संपूर्ण मेजर लीगमध्ये सर्वांत कमी, ६७ होमरन मारणाऱ्या त्या संघाने ऑझी स्मिथला शॉर्टस्टॉपवर उभं करून, २१६ होमरन मारणाऱ्या मिलवॉकीला वर्ल्ड सिरीजमध्ये हरवलं. शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. उत्तम आणि सामान्य फलंदाजांतला फरक उत्तम आणि सामान्य क्षेत्ररक्षकांतल्या फरकापेक्षा मोठा असतो. मला हे मान्य आहे. पण मोठा फलंदाज नऊ जणांमागे एकदा खेळायला येतो. क्षेत्ररक्षण नऊही जण एकाच वेळी करतात, आणि टॅम्पा बेने वाचवलेल्या २७३ धावांतला मोठा वाटा नऊ ठिकाणच्या अशा थोड्या थोड्या सुधारणेचा आहे. शिवाय ते स्वस्त पडतं. २००८ मध्ये टॅम्पा बेच्या खेळाडूंचे पगार साडेचार कोटी डॉलरच्या आतले होते, यांकीजचे वीस कोटींवर. त्या वर्षी टॅम्पा बे वर्ल्ड सिरीजपर्यंत गेला, यांकीज बाद फेरीतही नव्हते.

आपल्याकडे शालेय स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळले जातात. त्या मुलामुलींना शिकवणारे कोणी इथे असतील, तर त्यांना माझी विनंती आहे: उद्यापासून स्कोअरच्या वहीत ‘एरर’च्या शेजारी आणखी एक रकाना आखा, आणि कोण किती चेंडूंपर्यंत पोहोचला ते त्यात लिहा.