उशिरा बोलणारी मुले आणि आपली घरे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस ‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली होती. परंतु त्या विषयावर आजवरच्या संमेलनांत किती भाषणे झाली हे आपण जाणताच, आणि ती चालू असताना मागल्या रांगांतून काय चालते हे आम्ही जाणतो. म्हणून चिटणीसांची क्षमा मागून आम्ही दुसराच विषय घेत आहोत. आपल्या घराघरांतून त्याची कुजबुज होते, व्यासपीठावर मात्र त्याविषयी कोणी बोलत नाही. मूल दोन वर्षांचे होते, अडीच वर्षांचे होते, आणि तरी बोलत नाही. अशा वेळी घरच्या माणसांनी काय करावे?

आम्ही वैद्य नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलो आणि अडतीस वर्षे बहुतेक पहिली-दुसरीच्या वर्गांवर काढली, एवढाच आमचा अधिकार. त्यात आमच्या हातून घडलेला एक अपराध आहे. तो आधी सांगतो.

१९८८ साली आमच्या पहिलीच्या वर्गात एक मुलगा होता. बोलणे अडखळत, शब्द अर्धवट. सांगितलेले ऐकत नसे. फळ्याकडे तोंड करून आम्ही काही विचारले की हा आपला स्वस्थ. आम्ही त्यास हट्टी ठरविले, पुढे मठ्ठ ठरविले, आणि कित्येकदा अंगठे धरून उभे केले. त्याला ऐकू येत नसेल ही शंका आमच्या मनास शिवली नाही, कारण वर्गाचे दार आपटले की तो दचकून वळत असे. वर्षअखेरीस तो शाळेतून गेला. पुष्कळ वर्षांनी एका लग्नाच्या मांडवात तो भेटला. कानामागे यंत्र होते. पाया पडला आणि म्हणाला, “गुरुजी, तोंड माझ्याकडे करून बोला, म्हणजे समजेल.” त्या दिवशी आम्हांस जेवण गेले नाही.

दारांच्या आवाजाने वळणारे मूल सर्व काही ऐकते, ही समजूत चुकीची आहे. काहींना जाड, घुमणारे आवाज ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक आवाज येत नाहीत. अशा मुलाच्या कानी आपले बोलणे उंदराने कुरतडलेल्या पोथीसारखे पोहोचते. त्यातून त्याने भाषा शिकावी कशी? काहींच्या पडद्यामागे सर्दीने पाणी साचते, मग ऐकणे आज बरे तर उद्या कमी. त्यावर उपचार आहे. म्हणून पहिली गोष्ट कानाची तपासणी. तीत दुखण्यासारखे काही नाही. मूल झोपले असता कानात लहानसे बूच बसवून काही मिनिटांत एक चाचणी होते. जरूर पडल्यास डोक्यास तारा चिकटवून दुसरी करतात. घरात थाळी वाजवून पाहणे ही तपासणी नव्हे.

परंतु आपण तेथवर जात नाही. “याचा बाप चौथ्या वर्षी बोलला” हे आजीचे वाक्य प्रत्येक घरात तयार असते. मग वेखंड उगाळून जिभेस लावणे होते, नवस होतो, कोणी जिभेखालची तार कापून आणण्याचा सल्ला देतो. तार आखडली असेल तर एखादे अक्षर बिघडेल. पण मूल मुळीच बोलत नाही ते सहसा तिच्यामुळे नव्हे. हे सारे होईतो दोन वर्षे निघून जातात. मध्यंतरी सुनेच्या माथी दोष बसतो तो निराळाच. आणि खरे कारण आम्ही स्पष्टच सांगतो, रागावू नये: दवाखान्याची पायरी चढली की बातमी ज्ञातीत फुटेल आणि उद्या थोरल्या मुलीची सोयरीक अडेल, ही ती भीती आहे. वधूवरांच्या यादीसाठी आपण एका लेकराची वर्षे खर्ची घालतो.

आजीचे म्हणणे अगदीच खोटे नाही. उशिरा बोलणारी पुष्कळ मुले पुढे आपोआप इतरांच्या बरोबरीस येतात. मात्र कोणते येईल आणि कोणते मागे राहील, हे आधी ओळखता येत नाही. म्हणून वाट पाहत बसू नये. वर्षाचे मूल नावाने हाक मारली तर वळत नसेल, बोट दाखवून मागत नसेल, टाटा करीत नसेल. सोळा-अठरा महिन्यांत एकही शब्द नसेल. दोन वर्षांत ‘दूध दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जोडीत नसेल, तर दाखवावे. आणि येत असलेले शब्द मूल गमावू लागले, तर कोणत्याही वयात, त्याच आठवड्यात दाखवावे.

आता घरचा अनुभव. आमचा नातू अडीच वर्षांचा असता चारच शब्द बोले. कान निर्दोष निघाले. सूनबाई त्याला वाचोपचार करणाऱ्या बाईंकडे नेऊ लागली. एकदा आम्हीही गेलो. बाईंनी आम्हांस त्याच्याशी खेळण्यास सांगितले आणि स्वतः कोपऱ्यात बसल्या. आम्ही जन्मभराच्या सवयीने सुरू झालो: हे काय? याचा रंग कोणता? गाय कशी करते? म्हण पाहू, ‘गाय’! थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही अकरा प्रश्न विचारलेत, आणि उत्तराला एकदाही थांबला नाहीत.” आमच्या नोकरीत इतका नेमका शेरा कोणा तपासनीसाने मारला नव्हता.

त्या बाईंनी जे शिकविले ते कोणत्याही आजीआजोबांस जमण्यासारखे आहे. मुलाच्या पातळीवर जमिनीवर बसावे, त्यास आपले तोंड दिसले पाहिजे. ते ज्याकडे पाहील त्याचेच नाव घ्यावे. ते भोवऱ्याकडे पाहत असता आपण चित्रातला हत्ती दाखवू नये. एक वाक्य बोलावे आणि मनात दहापर्यंत मोजावे. हे दहा आकडे मोजणे फार कठीण जाते, आम्हांस तर अजूनही जाते. मूल ‘पाणी’ म्हणाले तर आपण ‘गार पाणी’ म्हणावे; एकच शब्द वाढवावा, चूक काढू नये. लाडू डब्यात झाकून समोर ठेवावा, म्हणजे मागण्याचे कारण उरते. ओठ हलण्यापूर्वीच सारे हातात आले तर त्याने बोलावे कशास? पदराआड लपून ‘कूऽक’ करण्याचा खेळ यास फार चांगला, कारण त्यात आपली पाळी, त्याची पाळी आपोआप येते. मोबाईलवरील चित्रे मात्र मुलाची वाट पाहत नाहीत. ती बोलत सुटतात.

आणि बोट, मान, हातवारे यांना कमी लेखू नये. खुणेने मागितले की ‘तोंडाने सांग, तरच देईन’ म्हणून आपण अडवितो. खूण केल्याने वाचा खुंटत नाही. ज्यास शब्द सापडत नाही त्याचा तोच पहिला शब्द आहे. तो मान्य करून वर आपला शब्द ठेवावा. ज्या मुलास मुळीच ऐकू येत नाही, त्यास तर खुणांची भाषा ही पूर्ण भाषा होऊ शकते.

परदेशी गेलेल्या आपल्या कुटुंबांकडून एक प्रश्न नेहमी येतो: मूल गोंधळते, तर मराठी बंद करावी काय? करू नये. दोन भाषांमुळे वाचा लांबत नाही, असे या विषयाचे जाणकार सांगतात. आईला जी भाषा सहज येते, तीच तिने बोलावी.

साहाय्य कोठे मिळेल? सरकारने २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला; त्याअन्वये जिल्हा पातळीवर अशा बालकांसाठी विशेष केंद्रे काढण्यात आली. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी. मुंबईस वांद्रे येथे, महाराष्ट्राचे राज्यपाल असलेल्या अली यावर जंग यांच्या नावाची, १९८३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था वाणी व श्रवण याच कार्यासाठी आहे. म्हैसूरची अखिल भारतीय संस्था तर १९६५ पासूनची.

आमचा नातू आता पाच वर्षांचा आहे. ‘र’ला ‘ल’ म्हणतो, आणि अनोळखी माणसासमोर अद्याप गप्प बसतो. परवा मात्र आम्ही वर्तमानपत्र वाचीत असता त्याने ते खाली ओढले आणि म्हणाला, “नाना, माझ्याकले बघून बोल.”

भोजनानंतर आम्ही मांडवाच्या मागील खोलीत बसणार आहोत. ज्यांस काही विचारावयाचे असेल त्यांनी यावे, मुलास सोबत आणावे. जिल्हा रुग्णालयात बरोबर येण्यास आम्हांस पुष्कळ वेळ आहे. कोणाचेही नाव वहीत लिहिले जाणार नाही. तसे अध्यक्षांकडून आम्ही कबूल करून घेतले आहे.