जागलीचे वस्त्र, जागलीचे घर

(पोहरादेवी येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पोहरादेवी ही सेवालाल महाराजांची भूमी. बंजारा तांडे बैलांवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरत आणि मुक्कामाला पाल ठोकत. घर सोबत घेऊन फिरणे या भूमीला नवे नाही. आपण तर घरदार असूनही ज्वारी निसवली की रात्री शेतात मुक्कामाला जातो; कारण रोही आणि रानडुकरे आपली झोप पाहूनच येतात.

शेतकी कॉलेजात आम्ही बियाणे शिकलो, खत शिकलो. जागलीचा धडा तिथे नव्हता. तो धनगराच्या घोंगडीने दिला. वस्त्र एकच. खांद्यावर घेतले की पांघरूण, खोळ केली की डोक्यावर छप्पर, अंथरले की बिछाना. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओल पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. सुती कापड मात्र भिजले की अंगाला चिकटते आणि ऊब काढून घेते.

मग कापूस पिकवणाऱ्याने काय करावे? दुसऱ्या महायुद्धात रशियन सैनिकाजवळ जाड सुती कापडाचा १८० सेंटीमीटरचा चौकोन असे. पावसात अंगावर घ्यायचा, मुक्कामाला काठीवर ताणायचा. दोन-चार जोडले की तंबू. घट्ट विणीचे सूत भिजले की फुगते आणि विणीतली छिद्रे बुजतात. त्यावर जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले की पाणी ओघळून जाते. कडांना पितळी रिंगा ठोकल्या की दोरी ओवता येते. गावातला शिंपी हे काम करील.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तेल लावलेले कापड आणि बोळे ढीग करून ठेवू नका, ते आपोआप पेटतात. सुटे टांगून वाळवा, शेकोटीपासून लांब ठेवा. आणि वीज कडाडत असताना झाडाखाली थांबू नका. विजेपासून कोणतेही कापड वाचवत नाही.

हे वस्त्र म्हणजे उत्तर नव्हे, हेही सांगतो. ज्याच्या मालाला खर्च भरून निघेल असा भाव मिळतो, तो शेताला कुंपण घालतो. ज्याला मिळत नाही, तो स्वतःच कुंपण होऊन उभा राहतो. रात्री हे वस्त्र पांघरून पीक राखू. दिवसा त्याच वस्त्राची राहुटी भावासाठी रस्त्यावर ठोकू.